घोडशेपटीचा काढा

मोराविका नदीच्या काठावरून
विदोसावा घोडशेपटी उपटून आणते, पोतं भरून.
या गवताला ना फूल, ना वास,
दाताखाली नुसती वाळूसारखी करकर.

ज्या तांब्याच्या हंड्यात एरवी प्लमची दारू शिजते
त्यात तासभर उकळते.
शेजारचा मिलोराद कुंपणावरून विचारतो,
"सूप का?"
त्याच्या पाठीवरच्या पंपात निळं औषध,
डब्यावर कवटी.
फवारल्यावर सात दिवस तोडायचं नाही.
रासबेरी थांबते होय सात दिवस?

गेल्या जूनमध्ये धुकं आठवडाभर मुक्कामाला होतं.
सहा ओळींना काढा, सहा तशाच कोऱ्या.
वहीत तिच्या अक्षरात:
कोऱ्यांत शंभरातली एकतीस फळं राखाडी,
काढ्याच्या ओळींत एकोणीस.
"एकोणीस नासली, हे काय जिंकणं?" मुलगा म्हणाला.
"बारा वाचली," ती म्हणाली,
"पावाला लावायला पुरतात."

ऊन चढायच्या आत
गाळलेला काढा ती फवारते,
वाकून, घोसांच्या खालूनसुद्धा.

हंड्याच्या तळाशी तांब्याभर उरतो, कोमट, हिरवट.
तो स्वतःच्याच डोक्यावर ओतून
पांढरे केस पिळत
ती पायरीवर बसून राहते
पलीकडचा पंप थांबेपर्यंत.