दुसरं गवत

वार्ताहरानं वहीत लिहिलं: आफ्टरमाथ.
कंब्रियातलं खोरं, सप्टेंबर संपत आलेला,
फाटकापाशी अजून तो पेंढा, जंतुनाशकात भिजून काळा पडलेला.
त्याला म्हणायचं होतं, संकटानं मागे ठेवलेलं सगळं.
कोशातही तेच आहे, अनिष्ट परिणाम वगैरे.

एल्सी बर्केट म्हणाली, पोरा, तो गवताचा शब्द आहे.
माथ म्हणजे कापणी. गणित नव्हे.
जुलैत पहिलं गवत कापायचं, वाळवायचं, कोठारात रचायचं,
मग त्याच बुडख्यांना पुन्हा फुटवा येतो
कोवळा, गोड, बोटभर,
तो आफ्टरमाथ.
माझा बाप कोकरांना सांगायचा, थांबा, तुमचं पान वाढतोय.

मी तिथंच होतो, कोटाच्या खिशात हात घालून.
मी कोण, हे त्यानं विचारलं नाही.

मार्चमध्ये मी आलो होतो पांढऱ्या पोशाखात.
लाळ्या-खुरकूत शेजारच्या शेतात होती,
हिची मेंढरं धडधाकट.
बांधाला बांध लागून होता, एवढंच.
मागच्या वसंतात जिचं आडवं कोकरू
मी कोपरापर्यंत हात घालून फिरवलं होतं
ती मेंढी वास ओळखून आधी माझ्याकडेच आली.

एल्सी मोजत होती आजोबांच्या आकड्यांत,
यान, टान, टेथेरा, मेथेरा, पिम्प,
वीस झाले की एक खडा ह्या खिशातून त्या खिशात.
नऊ खडे झाले, वर लेथेरा.
सरकारी कागदावर मी लिहिलं, एकशे सत्त्याऐंशी.
हिशेब जुळला.
तिनं सही केली, अक्षर नेहमीसारखं सुबक.

जुलैत तिनं गवत कापलं तरीही.
कुणासाठी, असं खोऱ्यात कुणी विचारलं नाही.
आणि आता हे दुसरं,
गुडघाभर, ओलं, बेफाम हिरवं,
तोंड लावायला कुणी नसलेलं.
इतकी वर्षं इथं काढली, एवढं गवत मी कधी पाहिलं नव्हतं.

मग मी काय लिहू, वार्ताहरानं विचारलं,
पेन्सिल त्या शब्दावर आडवी धरून.
एल्सीनं कुरणाकडे पाहिलं जरा वेळ.
राहू दे, म्हणाली. बरोबर लिहिलायस.

मग त्याला म्हणाली, चहा घेऊन जा.
त्यालाच म्हणाली.