पाच दिवसांनी मोजणी

धायरी, दुसरा मजला, भाद्रपद अर्धा सरलेला.
मी काचेच्या चार बशा उघडून ठेवते:
पलंगाखाली, ओट्यावर, न्हाणीच्या दाराशी
आणि एक कपाटावर. भिंतीला चिकटून उभं आहे ते.
दहा मिनिटं कुणी हलायचं नाही, म्हणते.
रंजिता वळवी खोकला तोंडात धरून बसते.
रात्रपाळीची नर्स. डोक्यावर दोरी,
दोरीवर तीन पांढरे गणवेश,
तिसऱ्या दिवशीही दमट.

मालक धारप दारातच. चपला काढत नाहीत.
"भिंतीत ओल नाहीच मुळी. या कपडे आत वाळवतात."
"गॅलरीत घालायचे नाहीत, असं करारात आहे."
कलम नऊ. मी वाचलं. आहे खरं.

मग पाच दिवस उबेत.
बशीत एकेक वस्ती उगवते:
पेनिसिलियम, निळसर, शिळ्या पावावरून ओळखीची;
अ‍ॅस्परजिलस, मिरपूड सांडावी तशी;
क्लॅडोस्पोरियम, खिडकीतून आलेली, गडद शेवाळी मखमल.
अल्टरनेरिया भिंगाखाली पाहावी,
गदेच्या टोकाला गदा, तिच्या टोकाला आणखी एक.
कुणालाच अकरा महिन्यांचा करार नाही.

आणि कपाटामागून चिकटपट्टीवर उचललेली
स्टॅकीबॉट्रिस. ओली काजळी.
हिला दिवसेंदिवस भिजत पडलेली भिंत लागते,
तीन गणवेशांच्या पाण्यावर हिचं भागत नाही.
हे वाक्य मी अहवालात लिहिते, खोडते,
पुन्हा लिहिते, शेवटी 'असे आढळले' जोडून.

धारप जिन्यात उभ्यानेच वाचतात.
नव्या डिस्टेंपरचा वास येतोय कुठूनसा.
कागदाची घडी घालतात, उलगडतात,
मग आवाज उतरवून,
"वर आमच्याकडे ठेवता का एखादी बशी?
नातू रात्रभर शिंकतो."

तिसरा मजला. इथे दोरी नाही.
गॅलरीत टॉवेल वाळतायत, चिमटे लावून.
न्हाणीलगतचं कपाट आम्ही दोघं मिळून
वीतभर पुढे ओढतो.
मागे तोच काळा नकाशा,
फक्त नदीचा उगम इथे आहे,
नळाच्या सांध्यापाशी, थेंब थेंब.

मी बशी उघडते.
दहा मिनिटं धारप हलत नाहीत.
खालून खोकला ऐकू येतो,
ते फरशीकडे बघत राहतात.
झाकण लावून मी लेबलवर मजला लिहिते, तारीख लिहिते.
"त्या... कलम नऊचं," ते म्हणतात,
आणि पुढचं काही बोलत नाहीत.