टेबल हलवायच्या आधी

घड कसा धरायचा, ते शालिक तायडेंनी मला सांगितलं
सकाळी साडेसहाला, उपाशी पोटी, स्ट्रेचरवर:
दांड्याला धरायचं, फणीला नाही.
गाडीत आधी सुका पाला, मग घड, वर पुन्हा पाला.
चाळीस वर्षं सावद्याला हेच काम.
“मार लागेल केयं त्याच दिवशी दिसत नही वं बाई,
दिल्लीत पोचल्यावर कायं पडते.”

आता ते झोपलेत.
चौबळ मॅडम नळी चिकटवून मान हलवतात,
म्हणजे शरीर माझ्याकडे.
अडुसष्ट किलो, त्यातलं निम्मं खांद्यांत.
पाठीखाली जेलची गादी. चादरीला सुरकुती नको,
चार तासांत ती कातडीत उतरते.
कोपराखाली मऊ घडी: तिथे हाडाला लागून
दोऱ्याएवढी नस जाते, थेट करंगळीपर्यंत.
पाय उचलायचे ते दोन्ही एकदम,
एकीकडे मी, एकीकडे निंबा, एकाच श्वासात.
टाच बुटात, पोटरी मोकळी.

मग डोकं खाली, पंचवीस अंश.
“सरकले नाहीत, सिस्टर,” निंबा म्हणतो.
तरी मी पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघते.

यंत्राचे हात एकदा पोटात गेले
की टेबल हलवायचं नाही. सुतभरही नाही.
त्याचं मनगट माझ्याहून जास्त वळतं,
पण टाच कुठे टेकली, ते त्याला विचारून उपयोग नाही.
सर तर कोपऱ्यात, पडद्यात डोकं घालून बसणार.

म्हणून मी म्हणाले, थांबा.

सरांनी घड्याळ पाहिलं.
मी डावा हात सोडला, अंगठा वर केला, पुन्हा गुंडाळला.
दीड मिनिट.
बाहेर जळगाव त्रेचाळीसवर, आत एसी अठरावर,
आणि माझ्या टोपीखाली घाम.

साडेतीनला रिकव्हरीत म्हणाले, काका, करंगळी हलवा.
त्यांनी आधी एक डोळा उघडला,
मग अख्खा पंजा वर केला, बोटं फाकवून:
“फणी पुरी हाये का, मोज वं.”

मोजली. टाचा पाहिल्या, पाठ पाहिली.
परवा माझी सुट्टी आहे.
रजिस्टरात लिहिलं, परवा पुन्हा बघणे,
आणि खाली माझंच नाव.