काजळी

झिराडकर म्हणायचे,
नवा पाइप म्हणजे बिडाचा नवा तवा.
पहिलं घावन चिकटणारच,
म्हणून काय तवा फेकायचा?

आठवडाभर तिसरा हिस्साच भरायचे.
मग अर्धा. मग काठापासून बोटभर खाली.
आत काजळी धरली पाहिजे,
जुन्या रुपयाच्या जाडीची, बस्स.
वाढली की बोथट चाकूनं खरवडायची
आणि राख रास्ता पेठेतल्या गॅलरीतून
खालच्यांच्या वाळत्या कपड्यांवर. चुकून.

तंबाखूला ते हवेत बसवत,
पेपरच्या क्रीडा पानावर, चिमूट चिमूट सुटी करून.
एप्रिलच्या दुपारी दहा मिनिटं,
श्रावणात अख्खी संध्याकाळ.
“ओली ओढलीस तर जीभ चावेल,
ठणठणीत कोरडी ओढलीस तर नुसता कागद.
मधली एक वेळ असते, ती घड्याळात नसते.”
खडकीच्या कारखान्यात तीस वर्षं
मायक्रोमीटर धरलेला माणूस हे सांगायचा.

ससूनला नेलं त्या रात्री
डबा उघडाच राहिला.

नऊ दिवसांनी मी किल्ली लावली.
डब्यात भुगा, मातकट,
सुक्या अंजिराचा तो वास कुठंच नाही.
संत्र्याची साल टाकली, झाकण घट्ट लावलं.
दुसऱ्या दिवशी वास आला,
पण संत्र्याचा.

मी ओढत नाही, माझा दमा जुना.
पाइप टेबलावरच होता,
दांड्यावर दातांच्या दोन खुणा.
उचलला, हुंगला.
वाटीच्या तळाशी, काजळीत,
अंजीर.