दोन फुल

उज्ज्वला फोनवर म्हणाली, बाबा, विमानाचं मी काढते,
तुम्ही फक्त लोहगावला जाऊन बसा.
आयर्लंडहून ते सगळे श्रीलंकेला येणार, आठ दिवस,
जाफन्याजवळ समुद्राला लागून घर घेतलंय भाड्यानं,
जावई, जावयाची आई, दोन्ही पोरं.
पुण्यापर्यंत यायला रजा पुरत नाही.

मी म्हणालो, येतो. तिकिटाचं तू बघू नकोस.
सव्वीस वर्षं पीएमटीत तिकिटं फाडली,
स्वारगेट ते धायरी, धायरी ते स्वारगेट.
माझं तिकीट दुसऱ्यानं काढलं की
फुकट्यासारखं वाटतं मला.

सिंधू आतून म्हणाली, झालं. आता हिशेब.

केला.
कॅलेंडरवर, मार्चच्या पानामागं, स्टेज पाडले:
पुणे ते चेन्नई, स्लीपर
(ज्येष्ठांची सवलत गेली ती गेलीच),
चेन्नई ते नागपट्टणम, रात्रीची बस,
तिथून बोट.
बोट म्हटल्यावर लाटणं थांबलं.
तिनं पाहिलेली बोट म्हणजे भाटघरच्या पाण्यातली
मामाची होडी, तीही गळकी.
चारच तास, मी म्हणालो,
कोल्हापूरला याहून जास्त लागतात.
कोल्हापूरला जाताना मधे उतरता येतं, ती म्हणाली.

मुंढव्याला, पासपोर्टच्या ऑफिसात,
मशीनला माझा अंगठा सापडेना.
रुमालाला पुसा काका, पुन्हा ठेवा, अजून एकदा.
त्या मुलीला काय सांगू,
रेषा चिल्लरीबरोबर गेल्या,
चार आणे, आठ आणे करत
अख्ख्या सिंहगड रोडला वाटल्या.
सिंधूचा अंगठा पहिल्या झटक्यात उठला.
ती दिवसभर त्याच तोऱ्यात.

बॅग अन्वरच्या रद्दीच्या काट्यावर तोलली.
बोटीला चालतं त्याहून सातशे ग्रॅम जास्त.
स्टीलचा डबा काढला, चटणी पिशवीत भरली,
माझी एक पँट काढली.
सासवडचे सुके अंजीर काढायचे नाहीत,
हे न बोलता ठरलेलं होतं.

नागपट्टणमला बोट नव्हती.
वारा आहे, उद्या.
उद्याही वारा होता.
लॉजच्या गच्चीवरून समुद्र दिसायचा,
आपल्याच नादात,
वेळापत्रक न वाचलेला.
खिशातल्या कागदावर मी लॉज मांडला, दोन वेळचा भात मांडला,
विमान आणि बोट यांत आता
तीनशे दहा रुपयांचा फरक उरला,
आणि आठातले दोन दिवस गेले.
सिंधूनं कागद पाहिला. काही बोलली नाही.
संध्याकाळी अंजिराची पिशवी फोडली,
मला एक दिला, स्वतः तीन खाल्ले.

तिसऱ्या दिवशी बोट निघाली.
गणवेशातल्या पोरानं आमची तिकिटं बघितली, फाडली,
अर्धी परत दिली.
फाडणं सरळ नव्हतं.
मी काही बोललो नाही, पण नव्हतं.
किनारा दिसेनासा झाल्यावर सिंधूनं माझं मनगट धरलं,
सुटलं ते पलीकडचा धक्का लागल्यावर.
चार तासांत एकदाही म्हणाली नाही
की विमानानं आलो असतो तर.
ही उधारी माझ्याकडं आहे.

नंतरचं फार सांगण्यासारखं नाही.
ओसरीवर खुर्च्या मागेपुढे लावून पोरांनी बस केली,
मी जुन्या पावत्यांची तिकिटं फाडली, सरळ.
जावयाच्या आईला, नोराबाईंना, मराठी येत नाही,
पण पुढे सरका म्हटलं
की सरकायच्या.
उज्ज्वला शेवटच्या खुर्चीवर येऊन बसली.
कितीला पडलं, बाबा? खरं सांगा.
मी म्हणालो, सुट्टे आहेत का?
ती हसता हसता मधेच थांबली.

आता जून लागलाय.
धायरीच्या भिंतीवर कॅलेंडर अजून मार्चवर.
सिंधू रोज म्हणते पान उलटा,
दूधवाल्याचे खाडे कुठं लिहायचे?
उलटतो.
तेवढी एकूण लिहायची राहिलीय.