खेपा

पावतीपुस्तक शंभर पानांचं,
कार्बन एकच, तोही फिका पडलेला.
दगडी दरवाजापासून सुरुवात केली,
चैत्र संपता संपता, सकाळी सातला.
दहानंतर अमळनेरात
हातगाडीच्या दांड्यालाही हात लावता येत नाही.

"कशाची वर्गणी?"
"गाढवांची."
इथे प्रत्येक जण एकदा हसतो.
मी थांबते. हसून झालं की
खिशात हात जातो, निदान लाजेखातर.
पंचवीस वर्षं बालवाडी चालवल्याचा एवढाच फायदा:
हसणं संपेपर्यंत उभं राहता येतं.

कापडवाले चंपालालजी म्हणाले,
गाय असती तर पाच हजार दिले असते.
म्हटलं, गाय समजूनच द्या, यालाही चारच पाय.
एकशे एक मिळाले. वर एक जुनं पोतं.
पोतं कामाचं निघालं.
शेवभाजीच्या खानावळीतून निंबाबाईंचे चाळीस रुपये,
आणि सल्ला: करंजतेल लाव, माशी बसत नाही.

बोरीच्या काठाला विटांच्या भट्ट्या.
रऊफ पिंजारी, जनावरांच्या दवाखान्यातला जुना ड्रेसर,
पाठी धुतो, प्रत्येक गाढवाला 'चाचा' म्हणतो.
बापाची धुनकी कधीच विकली,
हात मात्र तसाच राहिला.
पोत्यात कापूस असा भरतो
की कणा मधे मोकळा राहतो, गादीला टेकत नाही.

एका गाढविणीच्या पाठीवर
पाच रुपयांच्या नाण्याएवढं हाड दिसत होतं.
पांढरं. स्वच्छ.
मी दुसरीकडे पाहिलं.
रऊफनं नाही.

मग अर्ज लिहिला, तहसीलदार साहेबांना.
विषय: उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार
ओझ्याची जनावरं न चालवणेबाबत.
दोनशे अकरा सह्या, एकोणीस अंगठे.
'सबब' आणि 'नम्र विनंती' जागच्या जागी.
भट्टीवर मोठ्यानं वाचून दाखवला.

सुपडू कुंभार विटा उतरवत होता,
ऐकताना हात थांबला नाही त्याचा.
"अर्ज चांगला शे, ताई.
पन त्याम्हा मी कोठे शे?
खेपना पैसा भेटतस, दिवसना नही.
भर दुपारले चार घंटा थांबनू
ते मनं पोट कोन भरी?"

त्याच्या खांद्यावर, दोरी घासून घासून,
तसाच एक गोल.
हाडापर्यंत गेला नव्हता, इतकंच.
या वेळी कोणी हसलं नाही,
त्यामुळे किती वेळ उभं राहायचं
ते मला कळेना.

सह्या झालेल्या कागदात ओळ घुसवता येत नाही.
म्हणून नवा अर्ज, नवी वणवण.
एकच वाक्य वाढलं:
थांबलेल्या तासांची मजुरी भट्टीमालकानं द्यावी.

चौसष्ट सह्या.
चंपालालजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"गाढवापर्यंत ठीक होतं," म्हणाले.
त्यांच्या मेहुण्याची भट्टी आहे, हे मला
चहा पिऊन झाल्यावर समजलं.

कचेरीत कारकुनानं कागद उलटापालटा केला:
हा जनावरांचा की माणसांचा?
कुठल्या फायलीला लावू?
मी म्हटलं, पाठीचा आहे.
त्यानं पेन कानामागे ठेवलं,
माझ्याकडे पाहिलं, पेन परत काढलं,
आवक क्रमांक टाकला.
पुढचं अजून काही नाही.

जमाखर्च असा:
गाद्या सहा. सिमेंटच्या कुंड्या दोन.
औषध, कापूस, रऊफचं रिक्षाभाडं
(ते त्यानं घेतलं नाही, तरी लिहिलंय).
शिल्लक सदतीस रुपये.

परवा सुपडू कुंडीपाशी थांबला होता.
बारा वाजून गेलेले. पाव तास, फार तर.
आधी स्वतःच्या मानेवर ओंजळ ओतली,
मग तिचे कान भिजवले, एक एक करून,
आतून, बाहेरून.
मग खेप.

पुस्तकाची एक्केचाळीस पानं कोरी आहेत.
उद्या स्टेशनरोड.