दुसरं शून्य

रबाळे एमआयडीसीत, रात्रपाळीला,
मी बिअरमधली दारू काढते.

आधी ती रीतसर बिअरच असते.
सातू भिजतो, मोड येतात, भाजतो, शिजतो,
यीस्ट आठवडाभर साखर खातं,
आणि चांगली पाच टक्के चढली
की आम्ही टाकीतली हवा ओढून घेतो.
मग ती चाळीस अंशांतच उकळते,
आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट,
आणि दारू मुकाट उठून जाते.

तिच्याबरोबर वासही निघतो.
तो वेगळा धरून ठेवायचा,
शेवटी परत घालायचा.

गोठिवलीला घरी एक बाटली नेली.
आबांनी भिंग लावून लेबल वाचलं.
"शून्य पूर्णांक शून्य. दोन कशाला? एक पुरत नाही?"
म्हटलं, दुसऱ्या शून्याच्या पुढचं
आम्ही लिहीत नाही.
आणि नुसतंच 'अल्कोहोल-फ्री' लिहिलेलं असेल
तर अर्ध्या टक्क्यापर्यंत चालते,
पिकल्या केळ्यातही असते थोडी.

"आणि काढलेली?"
वेगळ्या टाकीत. टँकर येतो,
महापेला सॅनिटायझरवाल्याकडे जाते.
"म्हणजे गेली नाही. नोकरी बदलली तिने."

झाकण न उघडताच उठले,
कॅलेंडरवर आजची चौकट पेन्सिलीने भरली.
एक हजार एकशे तेहतीस.
आबा पूर्णांकातच मोजतात.

बाटली अजून फ्रिजच्या दारात आहे,
सुकटीच्या डब्याला टेकून.
काल जेवताना मध्येच म्हणाले,
"वास परत घालतात म्हणालीस ना?
कोण घालतं?
तू?"